यीस्टचा प्रमोटर समजून घ्यायचा असेल तर ‘एसजीडी’ कितपत पुरते?

सॅक्रोमायसिस जीनोम डेटाबेस, म्हणजे अभ्यासकांच्या बोलण्यातले ‘एसजीडी’, हे पाव फुगवणाऱ्या आणि मद्य आंबवणाऱ्या यीस्टच्या संपूर्ण जनुकसंचाची माहिती देणारे संकेतस्थळ आहे. जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या स्थळाची शिफारस मी नेहमी करतो आणि पुढेही करीन. मात्र या परीक्षणात मी त्याच्याकडे एकाच प्रश्नाच्या अनुषंगाने पाहणार आहे. एखादे जनुक केव्हा चालू व्हावे, केव्हा बंद राहावे आणि किती जोराने चालावे, हे ठरवणारा डीएनएचा जो भाग, म्हणजे प्रमोटर, त्याचा अभ्यास करायला ही सेवा कितपत पुरते? माझे मत आधीच सांगतो. जनुकाबद्दल एसजीडी जितके नेमके आणि सविस्तर सांगते, तितके प्रमोटरबद्दल सांगत नाही. माहिती तिथे आहे, पण ती विखुरलेली आहे, आणि ती गोळा करून तिचा अर्थ लावण्याचे काम वाचकावर येऊन पडते.

ही सेवा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जनुकशास्त्र विभागातून चालते आणि तिला तिथल्या सरकारी संशोधन निधीचा आधार आहे. तिचा पाया म्हणजे १९९६ मध्ये पूर्ण झालेला यीस्टचा डीएनए-क्रम. केंद्रक असलेल्या सजीवांपैकी ज्याचा क्रम सर्वांत आधी पूर्ण वाचला गेला तो हाच सजीव. १६ गुणसूत्रे, सुमारे १ कोटी २० लाख बेसजोड्या (डीएनएच्या दोन धाग्यांवरची समोरासमोरची अक्षरे) आणि ६ हजारांच्या आसपास जनुके. २०११ मध्ये हा संदर्भक्रम नव्याने वाचून दुरुस्त करण्यात आला आणि आज पडद्यावर दिसतो तो त्या दुरुस्तीवर आधारलेला आहे. वापरण्यासाठी पैसे पडत नाहीत, नावनोंदणी करावी लागत नाही, आणि साध्या संगणकावरच्या ब्राउझरमध्ये सारे उघडते. ज्या महाविद्यालयांना महागड्या नियतकालिकांची वर्गणी परवडत नाही, त्यांच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

सेवेची परीक्षा घ्यायची तर उदाहरण असे हवे की ज्याचे उत्तर आपल्याला बाहेरून पक्के ठाऊक आहे. म्हणून मी गॅल१ हे जनुक घेतो. गॅलॅक्टोज ही साखर पचवण्याची पहिली पायरी पार पाडणारे गॅलॅक्टोकायनेज हे विकर या जनुकापासून बनते, आणि प्रमोटरचे काम कसे चालते हे शिकवताना जगभर ज्या मोजक्या उदाहरणांचा आधार घेतला जातो त्यांत हे अग्रभागी आहे. शोधचौकटीत नाव लिहिले की जनुकाचे पान उघडते आणि वरच सांकेतिक नाव दिसते: वायबीआर०२०डब्ल्यू. या नावातच पत्ता आहे. वाय म्हणजे यीस्ट, बी म्हणजे दुसरे गुणसूत्र, आर म्हणजे त्याची उजवी भुजा, ०२० हा गुणसूत्रबिंदूपासून (सेंट्रोमिअरपासून) मोजलेला अनुक्रमांक, आणि डब्ल्यू म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी वॉटसन धागा. शेजारच्या गॅल१० या जनुकाचे नाव वायबीआर०१९सी असे आहे. तिथे शेवटचा सी क्रिक धागा दाखवतो. दोन शेजारी जनुके एकमेकांकडे पाठ करून विरुद्ध दिशांना वाचली जातात, हे केवळ नावांवरून कळते. प्रमोटरच्या अभ्यासकासाठी हीच पहिली महत्त्वाची खूण आहे, कारण दोन्ही जनुकांचे प्रमोटर त्यांच्यामधल्या एकाच पट्ट्यात असणार हे तिच्यावरून ठरते.

तो पट्टा किती लांब आहे? पानावर स्थाने दिलेली आहेत. गॅल१ दुसऱ्या गुणसूत्रावर २,७९,०२१ पासून २,८०,६०७ पर्यंत जाते. गॅल१० हे २,७६,२५३ ते २,७८,३५२ या भागात आहे. वजाबाकी केली की मध्ये ६६८ बेसजोड्या उरतात. दोन घरांमधल्या सामाईक बोळासारख्या या पट्ट्यावर दोन्ही जनुकांचा सारखाच हक्क आहे, आणि त्यांचे चालू-बंद होणे मुख्यतः याच ६६८ बेसजोड्यांत ठरते. क्रम हवा असेल तर ‘क्रम’ विभागात जनुकाच्या दोन्ही बाजूंच्या १ हजार बेसजोड्यांसह तो उतरवून घेण्याची सोय आहे. विद्यार्थ्यांनी तो मजकूर समोर घेऊन त्यात सीजीजी ही तीन अक्षरे, मग कोणतीही ११ अक्षरे आणि मग सीसीजी, असा १७ अक्षरांचा नमुना स्वतः शोधावा असे मला आग्रहाने सुचवायचे आहे. गॅल४ या प्रथिनाची जोडी डीएनएला धरते ती या नमुन्याच्या दोन्ही टोकांना. मधली ११ अक्षरे बरीचशी मोकळी असतात. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेत ही पकड स्पष्ट दिसली होती. गॅल१ आणि गॅल१० यांच्यामधल्या पट्ट्यात गॅल४च्या चार जागा आहेत, त्यांपैकी तीन या नमुन्याशी तंतोतंत जुळतात, आणि त्या एकत्र असल्याने गॅल४ची पकड घट्ट होते.

आता या जागांवर घडते काय, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे परीक्षण त्यावरच अवलंबून आहे. पेशीला ग्लुकोजही नाही आणि गॅलॅक्टोजही नाही, उदाहरणार्थ ती रॅफिनोज या वेगळ्या साखरेवर वाढते आहे, तेव्हा गॅल४ आपल्या जागांवर बसलेले असते, पण गॅल८० हे दुसरे प्रथिन त्याच्या सक्रिय टोकाला चिकटून त्याला निष्प्रभ ठेवते. गॅलॅक्टोज मिळाले की गॅल३ हे प्रथिन गॅलॅक्टोज आणि एटीपी (पेशीतला ऊर्जावाहक रेणू) यांच्या साहाय्याने गॅल८०ला धरते, गॅल४ मोकळे होते, मध्यस्थ प्रथिनांचे संच आणि आरएनए पॉलिमरेज प्रमोटरवर जमतात आणि जनुकाचे प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनणे, सुमारे हजारपटीने वाढते. आणि ग्लुकोज असेल तर गॅलॅक्टोज कितीही असले तरी मिग१ हे दमनकारी प्रथिन गॅल१च्या प्रमोटरवर बसते, शिवाय गॅल४च्या स्वतःच्या प्रमोटरवरही बसून त्याचे उत्पादन घटवते. गॅल३ची भूमिका उलगडण्यात आपल्याकडच्या संशोधकाचा वाटा आहे हे इथे नमूद करायला हवे: आयआयटी मुंबईत गॅल जनुकांवर अनेक वर्षे काम केलेले पी. जे. भट आणि त्यांचे सहकारी जेम्स हॉपर यांनी १९९२ मध्ये दाखवले की गॅल३ किंवा गॅल१ प्रथिन प्रमाणाबाहेर तयार केले तर गॅलॅक्टोज नसतानाही गॅल४ कामाला लागते. एसजीडीवरच्या संदर्भसूचीत असे जुने पायाभूत लेख जनुकाशी जोडलेले सापडतात, आणि ही सूची नुसती यंत्राने गोळा केलेली नाही. प्रशिक्षित संपादक लेख वाचून त्यांतले निष्कर्ष जनुकाच्या पानावर नोंदवतात. या सेवेचे खरे बळ तिथे आहे.

एवढी तयारी करून ‘नियमन’ हा विभाग उघडावा. गॅल१वर कोणकोणत्या प्रथिनांचा प्रभाव असल्याचे नोंदले गेले आहे त्याचा तक्ता तिथे मिळतो, प्रत्येक ओळीत पद्धत आणि संदर्भ दिलेला असतो, आणि खाली संबंधांचे जाळे दाखवणारी आकृती असते. गॅल४चे पान उघडले तर उलट बाजूने, म्हणजे ते कोणकोणत्या जनुकांवर परिणाम करते याचा तक्ता दिसतो, आणि त्याला कोणता डीएनए-नमुना आवडतो हे अक्षरांच्या उंचीवरून दाखवणारे चित्रही मिळते. मांडणी स्वच्छ आहे. पण इथेच नवख्या वाचकाची गल्लत होण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

अडचण अशी की ‘हे प्रथिन त्या प्रमोटरवर बसते’ आणि ‘हे प्रथिन त्या जनुकाची अभिव्यक्ती (ते किती जोराने चालते ते) बदलते’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि त्यांचे पुरावेही वेगळे असतात. प्रथिन डीएनएला बांधलेले असतानाच दोघांना रसायनाने जखडून, मग त्या प्रथिनासोबत आलेले डीएनएचे तुकडे ओळखण्याच्या पद्धतीने पहिले विधान तपासता येते. दुसरे तपासायचे तर त्या प्रथिनाचे जनुक काढून टाकून कोणत्या आरएनएचे प्रमाण बदलले ते मोजावे लागते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात या दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या गेल्या, आणि गॅल४ ज्यांच्या प्रमोटरवर बसते व ज्यांची अभिव्यक्ती गॅलॅक्टोजमुळे वाढते अशी १० जनुके निघाली. त्यांपैकी ७ आधीच माहीत होती आणि ३ नवी होती. २००४ मध्ये २०३ नियामक प्रथिनांच्या बसण्याच्या जागा संपूर्ण जनुकसंचावर मोजण्यात आल्या. पुढे निरनिराळी नियामक जनुके काढून टाकून केलेल्या मोजण्यांशी हे नकाशे पडताळले गेले तेव्हा दोन्ही याद्यांत समान निघालेला भाग अपेक्षेपेक्षा फारच लहान होता. याची कारणे आहेत. एक प्रथिन गेले तरी त्याचे भावंड जागा भरून काढते. एखादे प्रथिन बसलेले असले तरी पोषक माध्यम वेगळे असल्याने निष्क्रिय असते. आणि एखाद्या जनुकावर झालेला परिणाम थेट नसून तिसऱ्याच जनुकामार्फत आलेला असतो.

एसजीडीच्या तक्त्यात दोन्ही प्रकारच्या नोंदी शेजारी शेजारी येतात. पद्धतीचा रकाना वाचला तर फरक कळतो, हे मान्य. परंतु एकूण आकडा आणि खालची जाळ्याची आकृती पाहून ‘या जनुकावर इतक्या प्रथिनांचे नियंत्रण आहे’ असा निष्कर्ष काढणारे प्रबंध विद्यार्थी लिहितात, आणि त्यांना दोष देणे कठीण जाते. नियमन कोणत्या परिस्थितीत घडते हे सांगणारा रकानाही सर्व ओळींत भरलेला नसतो. प्रमोटरच्या बाबतीत परिस्थितीच तर निर्णायक असते: गॅल४ रॅफिनोजमध्येही तिथे बसलेले असते आणि गॅलॅक्टोजमध्येही, पण एका ठिकाणी जनुक बंद असते व दुसऱ्या ठिकाणी हजारपट चालू.

याहून मूलभूत उणीव म्हणजे प्रमोटरला स्वतःचे पान नाही. गुणसूत्रबिंदूंना एसजीडीवर पाने आहेत, डीएनएची नक्कल जिथून सुरू होते त्या आरंभस्थानांना पाने आहेत, उड्या मारणाऱ्या घटकांच्या अवशेषांनाही पाने आहेत. गॅल१ आणि गॅल१० यांच्यामधल्या ६६८ बेसजोड्यांना मात्र नाही. परिणामी त्या पट्ट्याबद्दलची निम्मी माहिती एका जनुकाच्या पानावर आणि निम्मी दुसऱ्याच्या पानावर वाटली जाते, आणि ज्याने दोन्ही पाने उघडली नाहीत त्याला हा पट्टा सामाईक आहे याची जाणीवही होत नाही. यीस्टमध्ये अशी पाठीला पाठ लावलेली जनुके मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे हा प्रश्न एकट्या गॅल१चा नाही. याचे समर्थनही करता येते, ते असे की प्रमोटरची हद्द कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे जनुकाच्या आरंभ-अंताइतके काटेकोर सांगता येत नाही. तरीही प्रतिलेखनाचा आरंभबिंदू मोजता येतो, प्रथिने बसण्याच्या जागा मोजता येतात, आणि निदान त्यांच्या आधारे एक एकत्रित पान तयार करता येईल, असे माझे ठाम मत आहे.

तुलनेसाठी दोन पर्यायांचा उल्लेख करतो. स्वित्झर्लंडमधून चालणाऱ्या युकॅरिओटिक प्रमोटर डेटाबेसमध्ये नोंदीचे एकक जनुक नसून प्रमोटरच आहे, आणि प्रत्येक नोंद प्रायोगिक पुराव्याने ठरवलेल्या आरंभबिंदूभोवती उभी आहे. त्यात यीस्टचाही समावेश आहे. लिस्बनच्या संशोधकांनी उभारलेले यीस्ट्रॅक्ट हे स्थळ नियामक प्रथिने आणि त्यांची लक्ष्य-जनुके एवढ्याच विषयाला वाहिलेले आहे, आणि तिथे ‘डीएनएला बांधल्याचा पुरावा’ आणि ‘अभिव्यक्ती बदलल्याचा पुरावा’ वेगवेगळे निवडून यादी गाळता येते. वर जी गल्लत सांगितली ती टाळण्याचा हा सरळ उपाय आहे. मात्र जनुकाची ओळख, त्याचे कार्य, ते काढून टाकल्यावर पेशीत दिसणारे बदल, आणि संपादकांनी लिहिलेला सारांश यांबाबत या दोन्हींपैकी कोणीही एसजीडीच्या जवळपास येत नाही. म्हणून एकाऐवजी दुसरे वापरा असे मी म्हणणार नाही. नियमनाचा प्रश्न आला की एसजीडीबरोबर यीस्ट्रॅक्ट उघडे ठेवा असे म्हणेन.

एसजीडीवरचे नमुना-शोधाचे साधन मला विशेष आवडते, आणि त्याचा योग्य उपयोग केला तर प्रमोटरविषयीचा एक मोठा धडा त्यातून मिळतो. सीजीजी, कोणतीही ११ अक्षरे, सीसीजी हा नमुना संपूर्ण जनुकसंचात शोधायला सांगा. शोधण्याआधी कागदावर अंदाज करून पाहावा. ठरावीक अक्षरे फक्त सहा आहेत, आणि यीस्टच्या डीएनएत सी व जी यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ३८ टक्के, म्हणजे प्रत्येकी १९ टक्के आहे. ०.१९ चा सहावा घात करून त्याला १ कोटी २० लाखांनी गुणले की साडेपाचशेच्या वर संख्या येते. म्हणजे निव्वळ योगायोगानेही हा नमुना शेकडो ठिकाणी सापडायला हवा. आणि गॅल४ ज्यांचे खरोखर नियंत्रण करते ती जनुके मात्र दहाच्या घरात! नमुना असणे ही आवश्यक अट असली तरी पुरेशी नाही, हे या एका आकडेमोडीतून जितके पटते तितके व्याख्यानातून पटत नाही. उरलेला फरक कुठून येतो? काही ठिकाणी मधल्या ११ अक्षरांचा आणि आजूबाजूच्या क्रमाचाही परिणाम होतो, काही ठिकाणी नमुना जनुकाच्या आतच पडलेला असतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो न्यूक्लिओसोमने झाकलेला असतो.

न्यूक्लिओसोमचा मुद्दा प्रमोटरच्या अभ्यासात टाळताच येत नाही. डीएनए पेशीत मोकळा पडलेला नसतो. हिस्टोन प्रथिनांच्या गठ्ठ्यांभोवती तो गुंडाळलेला असतो, आणि एका गठ्ठ्याभोवती सुमारे १४७ बेसजोड्या असतात. यीस्टच्या बहुतेक प्रमोटरमध्ये प्रतिलेखनाच्या आरंभबिंदूच्या अलीकडे असा एक भाग असतो की जिथे न्यूक्लिओसोम नसतो किंवा फार विरळ असतो, आणि ए-टीच्या लांब ओळी तो मोकळा राहण्यास मदत करतात. पण काही प्रमोटर याच्या उलट वागतात. फो५ हे जनुक पेशीबाहेर सोडल्या जाणाऱ्या फॉस्फटेज विकराचे आहे, आणि फॉस्फेटची चणचण नसताना त्याच्या प्रमोटरवर चार न्यूक्लिओसोम ठरलेल्या जागी बसून असतात. हे जनुक चालू करणाऱ्या फो४ या प्रथिनाची एक जागा दोन न्यूक्लिओसोमांच्या मधल्या उघड्या भागात आहे, दुसरी न्यूक्लिओसोमखाली दडलेली आहे, आणि प्रतिलेखनाची यंत्रणा जिथे जमते तो ‘टाटा’ (टी-ए-टी-ए अक्षरांचा) क्रमही झाकलेलाच आहे. फॉस्फेट संपत आले की फो४ केंद्रकात टिकून राहते, उघड्या जागेवर बसते, आणि त्यानंतर हे न्यूक्लिओसोम हटवले जाऊन जनुक चालू होते. हे चित्र १९८६ मध्ये म्युनिकमधल्या प्रयोगशाळेतून पुढे आले, आणि डीएनएची गुंडाळी हीच नियंत्रणाचा भाग आहे हे त्याने ठळक केले.

एसजीडीवर न्यूक्लिओसोम कुठे पाहायचे? जनुकाच्या पानावर ते दिसत नाहीत. त्यासाठी जीनोम ब्राउझर उघडावा लागतो, आणि प्रकाशित संशोधनांतून घेतलेले न्यूक्लिओसोम, हिस्टोनवरच्या रासायनिक खुणा, नियामक प्रथिने आणि आरएनए यांचे पट्टे तिथे एकावर एक लावता येतात. ज्याला ही सोय माहीत आहे त्याच्या हातात उत्तम साधन आहे. पण पट्ट्यांची यादी लांब आहे, त्यांची नावे लेखकांच्या नावांनी व वर्षांनी ओळखली जातात, आणि कोणता पट्टा कोणत्या माध्यमात वाढवलेल्या पेशींचा आहे हे वर्णन उघडून वाचल्याशिवाय समजत नाही. फो५चा पट्टा फॉस्फेटयुक्त माध्यमातला आहे की फॉस्फेटविरहित, यावर सगळा अर्थ अवलंबून असताना हे वर्णन चटकन नजरेस पडायला हवे. टाटा क्रमाचेही तसेच. यीस्टच्या सुमारे २० टक्के प्रमोटरमध्येच नमुन्याबरहुकूम टाटा क्रम आढळतो, आणि तणावाला प्रतिसाद देणाऱ्या, एकदम वर-खाली होणाऱ्या जनुकांत त्याचे प्रमाण अधिक असते. ही बाब जनुकाच्या पानावर एका ओळीत नोंदवली गेली तर वाचकाला त्या प्रमोटरच्या स्वभावाचा अंदाज लगेच येईल.

आणखी एक गोष्ट जपून वाचावी लागते, ती म्हणजे संदर्भक्रम कोणत्या वाणाचा आहे. एसजीडीचा मूळ क्रम एस२८८सी या प्रयोगशाळेतल्या वाणाचा आहे. त्याच्या वंशाचा मोठा भाग १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मर्सेड इथे कुजत चाललेल्या अंजिरावरून मिळवलेल्या यीस्टपर्यंत जातो. या वाणात गॅल२ या जनुकात बिघाड आहे, आणि गॅलॅक्टोज पेशीत आणणारे प्रथिन तेच बनवते. म्हणजे प्रमोटरच्या नियंत्रणाचे आदर्श उदाहरण म्हणून आपण ज्या गॅल१चा क्रम वाचतो, तो क्रम गॅलॅक्टोज नीट वापरू न शकणाऱ्या वाणाचा आहे! प्रयोगात सर्रास वापरले जाणारे बीवाय४७४१ हे त्याचेच वंशज असले तरी त्यात गॅल२ दुरुस्त केलेले आहे. तसेच हॅप१ या नियामक प्रथिनाच्या जनुकात एस२८८सीमध्ये टीवाय१ हा उडी मारणारा घटक घुसलेला आहे. सायटोक्रोम-सी बनवणाऱ्या सीवायसी१ जनुकाच्या प्रमोटरवर हॅप१ची जागा आहे हे नियमनाच्या तक्त्यात वाचून कोणी एस२८८सीच्या वंशजावर प्रयोग करायला निघाला, तर अपेक्षेइतकी अभिव्यक्ती न दिसण्याचे कारण त्याने प्रमोटरमध्ये शोधू नये. या नोंदी एसजीडीवर आहेत, हे श्रेय दिलेच पाहिजे. शिवाय डब्ल्यू३०३, एसके१, सिग्मा१२७८बी अशा इतर वाणांचे क्रमही ‘क्रम’ विभागात पाहता येतात. एखाद्या प्रमोटरमधला एक बदललेला बेस दोन वाणांतल्या फरकाचे कारण असू शकतो का, हे तपासण्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

बाकीच्या विभागांबद्दल थोडक्यात. बाह्यलक्षणांची नोंद उत्कृष्ट आहे. प्रथिनांच्या परस्परसंबंधांचा तक्ता भरगच्च आहे. अभिव्यक्तीच्या विभागात निरनिराळ्या प्रयोगांत जनुक किती वर-खाली झाले याचा आलेख मिळतो, पण प्रमोटरविषयी अनुमान काढताना आरएनएचे प्रमाण प्रतिलेखनाबरोबरच आरएनएच्या आयुष्यावरही अवलंबून असते हे विसरून चालत नाही.

उद्योगाच्या दृष्टीने येणाऱ्यांनी एक मर्यादा आधीच लक्षात घ्यावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची हेपटायटिस-बी लस ज्या यीस्टमध्ये तयार होते ते हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा आहे, आणि मिथेनॉल दिल्यावर जोराने चालू होणाऱ्या एओएक्स१ प्रमोटरसाठी प्रसिद्ध असलेले यीस्ट पिकिया पास्टोरिस आहे. ही दोन्ही सॅक्रोमायसिस नव्हेत, आणि त्यांच्या प्रमोटरची माहिती एसजीडीवर मिळणार नाही. तत्त्व मात्र एकच आहे: पेशी आधी भरपूर वाढू द्यायच्या, प्रमोटर बंद ठेवायचा, आणि मग योग्य साखर किंवा मिथेनॉल देऊन हवे ते प्रथिन बनवायला लावायचे. हे तत्त्व गॅल१वर नीट समजून घेतलेला विद्यार्थी त्या उद्योगात गोंधळणार नाही. त्याचप्रमाणे निसर्गात नसलेल्या, माणसाने रचलेल्या प्रमोटरबद्दलही एसजीडीकडून अपेक्षा ठेवू नये. २०२० मध्ये सुमारे १० कोटी यादृच्छिक क्रमांची प्रमोटर म्हणून यीस्टमध्ये चाचणी झाली आणि क्रमावरून अभिव्यक्ती वर्तवणारी गणिती प्रारूपे तयार करण्यात आली. ती सामग्री जनुकनिहाय रचलेल्या स्थळात मावणारी नाही.

वर्गात वापरणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. जिथे प्रयोगशाळेतल्या सगळ्या संगणकांना एकाच वेळी इंटरनेट पुरत नाही, तिथे शिक्षकांनी एसजीडीच्या डाउनलोड विभागातून प्रत्येक जनुक त्याच्या दोन्ही बाजूंच्या १ हजार बेसजोड्यांसह असलेली फाइल एकदा उतरवून ठेवावी. मग विद्यार्थ्यांना गॅल१, गॅल७, गॅल८०, फो५ आणि सीवायसी१ यांच्या आरंभाआधीचे भाग वाटून द्यावेत, त्यांत गॅल४चा नमुना आणि टाटा क्रम हाताने शोधायला सांगावे, आणि नंतरच नियमनाचा तक्ता उघडून आपल्याला सापडलेल्या जागा तिथल्या नोंदींशी जुळतात का ते पद्धतीचा रकाना वाचत तपासायला लावावे. तक्ता आधी आणि क्रम नंतर, असे मात्र करू नये. तक्ता एकदा पाहिला की क्रमात काय शोधायचे ते आधीच ठरून जाते आणि विद्यार्थी तेवढेच पाहतात.